दोन अटॅकच्या मधले दिवस

हेडफोन लावून ऐकत असाल तर आधी एक गोष्ट करून बघूया. गाडी चालवत असाल तर नको. ज्यांना दमा आहे त्यांनी तर अजिबात नको, तुम्हाला हे आधीच माहीत आहे.

बाकीच्यांनी छाती भरून श्वास घ्या. आता सोडा, पण अर्धाच. थांबा. त्याच्यावरच पुन्हा घ्या. पुन्हा अर्धाच सोडा. अजून एकदा. चार-पाच वेळा असं केलंत की खांदे वर चढतात आणि आत आता जागाच उरली नाही असं वाटायला लागतं. बास. सोडा आता मोकळा.

लोकांना वाटतं दम्यात श्वास आत जात नाही. खरं तर आधी तो बाहेर पडत नाही. जुना निघत नाही म्हणून नवीन मावत नाही. श्वासनळ्यांना आतून सूज असते, बाहेरचे स्नायू आवळतात, वर चिकट कफ. तुम्ही पाच वेळा केलंत. माझ्याकडं येणारी पोरं रात्रभर तसं करून येतात.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात एकोणीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. छातीची स्पेशालिस्ट नाही. ताप, जुलाब, शुगर, बीपी, विंचू चावला, हळदीच्या दिवशी नवरीच्या अंगावर पित्त उठलं, सगळं माझ्याकडं. या पॉडकास्टच्या मुलांनी विचारलं, मॅडम कशावर बोलाल? मी म्हटलं, दम्यावर. कारण त्यात मी चुकले होते, आणि मी चुकत होते त्या काळात लोक माझं कौतुक करत होते.

एका मुलीबद्दल सांगते. तिला विचारून, नाव बदलून. आरती म्हणूया तिला.

आरती एकोणीस वर्षांची होती. बारावी झालेली, पोलीस भरतीच्या अकॅडमीत जायची. मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, त्यासाठी पहाटे पाचला मैदानावर. दर पंधरा-वीस दिवसांनी तिची आई तिला घेऊन यायची. "म्याडम, जरा वाफ द्या की पोरीला. रातभर खोकलीया." मी नेब्युलायझर लावायचे, दोन सुया द्यायचे, एक स्टेरॉइडची, एक थिओफिलिनची. अर्ध्या तासात पोरगी हसत घरी. आई जाताना म्हणायची, तुमच्या हाताला गुण आहे बघा.

हे वाक्य फार वाईट असतं. म्हणजे ऐकायला गोड, पण ते ऐकलं की डॉक्टर पुढचा प्रश्न विचारायचा विसरतो. ओपीडीत ऐंशी पेशंट, एकाला तीन मिनिटं. जी मुलगी अर्ध्या तासात बरी होते ती माझ्या डोक्यातून पण अर्ध्या तासात जाते. नंतर मी तिचे केस पेपर काढून मोजलं. एकूण सव्वीस वेळा आली होती. सव्वीसही वेळा मी अटॅक बरा केला. दम्याला हात लावला नाही.

आणि केस पेपरवर मी काय लिहिलं होतं? 'अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस'. हा आमच्या लाईनीतला जुना खेळ आहे. दमा हा शब्द उच्चारला की समोरच्या आईचा चेहरा पडतो. मुलगी असेल तर जास्तच, कारण उद्या स्थळ बघायचं असतं. मग आम्ही म्हणतो ब्राँकायटिस, छाती नाजूक आहे, कफाची प्रकृती आहे. आईला बरं वाटतं, आम्हालाही सोपं जातं. पण आजाराचं नावच सांगितलं नाही तर तो रोज असतो हे कसं सांगणार? ब्राँकायटिस येतो आणि जातो. दमा जात नाही, तो फक्त शांत बसतो.

दिवाळीनंतरचा आठवडा होता. कारखान्यांचे हंगाम सुरू झालेले, तुटलेल्या उसाचं पाचट लोक रानात पेटवत होते, थंडी पडायला लागलेली. आमच्याकडं त्या दिवसांत धूर वर जात नाही, धुक्यात मिसळून जमिनीलगत बसतो. रात्री पावणेदोनला दार वाजलं. मोटारसायकलवरून आणलं होतं तिला, पुढं भाऊ, मागं आई, मध्ये ही. आई म्हणाली, "म्याडम, मघापासनं छातीतली शिट्टी थांबलीया. जरा बरं वाटतंय वाटतं तिला."

मी स्टेथोस्कोप लावला आणि मला घाम फुटला. आत काही ऐकूच येत नव्हतं. शिट्टी वाजायलासुद्धा हवा हलावी लागते. हवा हलायचीच थांबली की छाती शांत होते, आणि दम्यात ती शांतता सगळ्यात वाईट. ऑक्सिजन ८६. ती मला 'मॅडम' एवढंसुद्धा एका दमात म्हणू शकत नव्हती.

ऑक्सिजन, वाफ, शिरेतून स्टेरॉइड, १०८ ला फोन. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी पण बसले. तिचा हात धरून बसले होते असं सांगायला आवडलं असतं, पण खरं म्हणजे मी पूर्ण वेळ तिच्या बोटावरच्या त्या छोट्या मशीनचा आकडा बघत होते. आयसीयूत तीन दिवस काढून ती वाचली.

तिथं दाखल करताना एका तरुण डॉक्टरनं मला साधा प्रश्न विचारला. "मॅडम, पेशंटला रोजचा कंट्रोलर कोणता चालू होता?" चुकीच्या हेतूनं नाही विचारलं त्यानं, फॉर्मवर तो रकाना असतो. मी म्हटलं, नव्हता. त्यानं 'नाही' असं लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडं गेला.

दोन दिवसांनी आरतीच्या भावानं तिची अकॅडमीची बॅग आणून माझ्या टेबलावर पालथी केली. बूट, मोजे, टॉवेल आणि चार निळे पंप. तीन पूर्ण रिकामे. पंप मी एकदाच लिहून दिला होता, वर्षभरापूर्वी. बाकीचे तिनं तीन वेगवेगळ्या मेडिकलमधून घेतले होते, एकाच दुकानात सारखं मागायला लाज वाटते म्हणून. आईपासून मोज्यात लपवायची. आईचं म्हणणं, नळीची सवय लागली की आयुष्यभर सुटत नाही.

आता हा निळा पंप समजून घ्या, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी खिशात आत्ता तो असेल. त्यात साल्ब्युटामॉल असतं. आवळलेले स्नायू ते पाच मिनिटांत सैल करतं, चार-सहा तास आराम देतं. चांगलं औषध आहे, त्यानं जीव वाचतात. पण ते सूज कमी करत नाही. गळक्या छपराखाली बादली ठेवल्यासारखं. बादली चांगलीच आहे हो, घर कोरडं राहतं. पण छप्पर?

एक हिशोब करू. त्या पंपात साधारण २०० पफ असतात. दमा आटोक्यात असेल तर आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त तो लागू नये. दोनदा, प्रत्येक वेळी दोन पफ, वर्षाचे ५२ आठवडे. झाले २०८. म्हणजे एक पंप जवळजवळ वर्षभर पुरायला हवा. आरतीला तो तीन आठवडे पुरत होता. रोजचे नऊ-दहा पफ.

ब्रिटनमध्ये २०१४ साली दम्यानं झालेल्या मृत्यूंचा एक मोठा आढावा निघाला. १९५ मृत्यू, एकेकाचे कागद काढून बघितले. ज्यांच्या पंपांचा हिशोब मिळाला, त्यातल्या ३९ टक्के लोकांना आधीच्या वर्षभरात १२ पेक्षा जास्त आराम देणारे पंप लिहून दिलेले होते. आणि जे गेले त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचा दमा सौम्य किंवा मध्यम समजला जात होता. हे वाचलं तेव्हा मला त्या चार पंपांचा ढीग दिसला.

२०१९ मध्ये 'जिना' म्हणजे ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा, ज्यांच्या गाइडलाइन्स जगभरचे डॉक्टर बघतात, त्यांनी स्पष्ट सांगितलं की मोठ्यांना आणि १२ वर्षांवरच्या मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका. थोडा का होईना, सूज उतरवणारं औषध प्रत्येकाला मिळालंच पाहिजे. ते औषध म्हणजे श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड. आरतीला आता जो पंप आहे त्यात ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र आहेत. सकाळ-संध्याकाळ तोच, आणि मध्येच छाती आवळली तरी तोच. ही सोय फॉर्मोटेरॉल असलेल्या जोडीची, कारण फॉर्मोटेरॉल लगेच कामाला लागतं. दुसऱ्या जोड्यांचे पंप पण मिळतात, ते असे मधेअधे वापरायचे नसतात, म्हणून मित्राचा पंप उचलून मारू नका.

स्टेरॉइड म्हटलं की समोरची खुर्ची मागं सरकते. मला रोज दिसतं ते. इथं मला गणित फार उपयोगी पडतं. पंपाच्या एका पफमध्ये २०० मायक्रोग्रॅम वगैरे असतं. अटॅक आला की आम्ही पाच-सात दिवस ज्या स्टेरॉइडच्या गोळ्या देतो त्या दिवसाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४० हजार मायक्रोग्रॅम, तेही पूर्ण अंगभर फिरणार. औषधं वेगळी आहेत, सरळ तुलना होत नाही, पण अंदाज येतो ना? मी आरतीला पंपातल्या स्टेरॉइडपासून वाचवत होते आणि महिन्याला दोनदा सुईतून देत होते. तसंच साल्ब्युटामॉलच्या गोळ्यांचं. एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे पंपाचे ४० पफ. पंपाला घाबरून गोळ्या खाणारी माणसं थरथरत्या हातानं फी देतात आणि मलाच विचारतात, हात का कापतोय?

(मॉन्टेलुकास्टबद्दल पण एक वाक्य बोलून टाकते. सर्दीलासुद्धा ही गोळी सर्रास दिली जाते. काही जणांना तिच्यानं वाईट स्वप्नं, चिडचिड, निराशा येते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये त्याबद्दल सगळ्यात वरच्या दर्जाचा इशारा दिलाय. तुम्ही घेत असाल आणि डोकं बदलल्यासारखं वाटत असेल तर डॉक्टरांना सांगा.)

आरती घरी आल्यावर मी तिच्या आईशी बोलले. पहिल्यांदा बोलले म्हणा ना. तेव्हा कळलं की आरती सात वर्षांची असताना आई-वडील तिला मृग लागताना हैदराबादला घेऊन गेले होते. तिथं औषध भरलेला जिवंत मासा गिळायला देतात. पुढच्या वर्षी कोजागिरीला कुठंतरी औषधाची खीर. मला कुणी विचारलं तर यानं दमा बरा होतो याला पुरावा नाही, असंच मी सांगेन. पण हसायला मला तोंड नव्हतं. त्या बाईनं मजुरी बुडवून दोन राज्यं ओलांडली होती आणि घरापासून चारशे मीटरवर बसलेल्या मी तिला दहा मिनिटं दिली नव्हती.

"ताई," मी म्हटलं, "आरतीला दमा आहे." ती गप्प बसली. मग म्हणाली, "ते मला म्हायती हाय की. तुमीच कवा बोलला न्हाई."

तेव्हापासून गुरुवारी दुपारी, दवाखाना बंद असतो त्या वेळेत, मी फक्त दम्याच्या पेशंटना बोलावते. आणि बरं असताना बोलावते. सुरुवातीला कंपाउंडर फोन करायचा तर लोक म्हणायचे, अहो मला काय झालेलं नाही. तो म्हणायचा, म्हणूनच या. आजही निम्मे येत नाहीत. दोन महिने बरं वाटलं की पंप फळीवर जातो आणि माणूस श्रावण संपता संपता वाफेला हजर. मी पूर्वी चिडायचे. आता विचारते, दिवसातून दोन वेळचं जमत नाही का पैशाचं जमत नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि पैशाचं असेल तर स्वस्त कंपनीचं काढता येतं, पण आधी माणसानं ते बोललं पाहिजे.

गुरुवारी मी चार गोष्टी विचारते, सगळ्या गेल्या चार आठवड्यांबद्दल. दिवसा त्रास आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाला का? रात्री दम्यानं जाग आली का? निळा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागला का? आणि दम्यामुळं काही करायचं टाळलं का, जिना, क्रिकेट, झाडलोट? एकालाही 'हो' आलं तर दमा आटोक्यात नाही. तुम्ही मोबाईलवर आत्ता स्वतःला विचारू शकता, मशीन लागत नाही. 'मला तसा काही त्रास नाही' म्हणणारा माणूस चौथ्या प्रश्नाला अडकतो. तीन वर्षं क्रिकेट सोडून अंपायरिंग करतोय हे त्याच्या लक्षातच आलेलं नसतं.

मग पंप मारून दाखवायला सांगते. मीही आधी हे कधी बघायचे नाही. एका काकांनी रोटाकॅपची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून दाखवली, रोज गिळत होते. एक मुलगा गळ्यावर स्प्रे मारायचा, डिओसारखा. साधा दाबायचा पंप असेल तर: हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट, दाबता दाबता सावकाश आत ओढा, दहा आकडे धरून ठेवा. पावडरचं मशीन असेल तर उलट, जोरात आणि झपकन ओढायचं. याची पद्धत त्याला लावली की औषध जिभेवर राहतं. नंतर चूळ भरा, नाहीतर तोंडात पांढरं येतं.

दाबणं आणि ओढणं एकदम जमत नाही, तर स्पेसर लावा. स्पेसर म्हणजे मधली पोकळ नळी, औषध त्यात थांबतं, तुम्ही निवांत ओढता. तोही नसेल तर अर्धा लिटरची कोल्ड्रिंकची बाटली. चेष्टा नाही. केपटाउनच्या डॉक्टरांनी अटॅक आलेल्या मुलांवर तपासून १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलंय, ५०० मिलीच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचं भोक पाडून केलेला स्पेसर विकतच्या इतकाच चालला. भोकात पंप घट्ट बसवायचा, बाटलीच्या तोंडाकडून श्वास घ्यायचा. माझ्या ड्रॉवरमध्ये अशा दोन बाटल्या कायम असतात. आणि साध्या अटॅकमध्ये पंप-स्पेसरनं मोठ्या माणसाला वाफेइतकाच आराम पडतो. वाफेचं मशीन घुर्रर्र करतं, धूर दिसतो, म्हणून लोकांचा त्याच्यावर विश्वास जास्त. माझाही होता.

प्रत्येक खोकला दमा नाही, हेही सांगते. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर आधी थुंकी टीबीसाठी तपासायला पाठवते. चुलीच्या धुरात चाळीस वर्षं काढलेल्या आजीचा दम वेगळा असतो. दम्याची खूण म्हणजे तो बदलतो. पहाटे वाईट, दुपारी बरा. गोधडी झटकली की वाईट. गाजर गवत फुललं की वाईट. हा बदल मोजायला पीक फ्लो मीटर नावाची प्लास्टिकची नळी मिळते, हजाराच्या आत, तिच्यात जोरात फुंकायचं. आरतीनं दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून वहीत आकडे लिहून आणले. पहाटेचा आकडा संध्याकाळच्यापेक्षा इतका खाली होता की मला वही बघवेना. पहाटे पाचलाच ती पळायला जायची.

आणि हे मात्र लक्षात ठेवा. कुणाला एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, निळ्या पंपानं आराम पडत नसेल, किंवा आरतीसारखी शिट्टी अचानक थांबून माणूस पेंगायला लागला असेल, तर सकाळची वाट बघू नका. १०८. माणसाला बसतं ठेवा, आडवं करू नका. निळा पंप स्पेसरमधून चार ते दहा पफ, एकेक करून. पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी पुन्हा, गाडीतसुद्धा. त्या वेळी निळ्या पंपाला घाबरायचं नाही. तो त्याच रात्रीसाठी आहे.

आरती पुढच्या भरतीत पळाली. ८०० मीटर पास झाली, लेखीला दोन मार्कांनी गेली. आता कोल्हापुरात नोकरी करते आणि पुन्हा फॉर्म भरलाय. परवा तिची आई आली होती, स्वतःच्या बीपीच्या गोळ्या न्यायला. उठता उठता म्हणाली, "म्याडम, आरती रविवारी येऊन गेली. तिच्या पंपावरचा आकडा चौदावर आलाय, मी बघितला. नवा लिवून द्या, कुणाच्या तरी हातानं धाडते."

मी लिहून दिला.